केपटाउनचा रेडिओ आणि आपली ओटी

रमजानमध्ये रात्री दहा वाजून गेले की आमच्या ओटीवर एक मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला जातो. पुरुष मंडळी तरावीह पढून परतलेली असतात, माजघरात सहेरीच्या भाकरीचे पीठ काढून ठेवणे चाललेले असते, आणि मोबाइलमधून केपटाउनच्या ‘व्हॉइस ऑफ द केप’ या रेडिओचा आवाज येत असतो. दक्षिण आफ्रिकेचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. आपल्याकडे साडेदहा वाजतात तेव्हा तिथे सात. म्हणजे आमची रात्र झालेली आणि त्यांचा इफ्तार व्हायचा. आमची फुफी तिथल्या रायलंड्स भागात राहते. तिच्या स्वयंपाकघरात जी अजान ऐकू येते, तीच खेड तालुक्यातल्या आमच्या ओटीवर ऐकू येते. अजान झाली की घरातली मुले ओरडतात, “फुफीने रोजा खोलला!”

सुरुवातीला आम्ही हा रेडिओ फक्त त्या अजानीसाठी लावत होतो. फुफी जवळ आल्यासारखे वाटायचे, एवढेच. पण अजानीच्या आधी आणि नंतरही तिथे माणसे बोलत असतात. कोणी कब्रस्तानाच्या जागेविषयी नगरसेवकाला प्रश्न विचारतो, कोणी मुलांच्या व्यसनाविषयी बोलतो, कोणी धंद्यासाठी कर्ज घ्यावे की नाही ते मौलवीसाहेबांना विचारतो, कोणी सरळ सांगतो की मस्जिदीच्या कमिटीचा हिशेब बरोबर नाही. मुले आम्हाला इंग्रजीचा अर्थ सांगत जातात. हळूहळू आमच्या लक्षात आले की आम्ही अजानीपेक्षा या गप्पाच जास्त ऐकू लागलो आहोत. आणि ऐकता ऐकता एक प्रश्न घरात येऊन बसला: आपल्या लोकांना असे उघड, एकमेकांसमोर, ओळख देऊन बोलण्याची जागा कुठे आहे?

कोकणातून केपला

केपटाउन आपल्याला परके नाही. १९ व्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी, कुलाबा आणि जंजिरा संस्थानातल्या गावांतून कोकणी मुसलमान पुरुष बोटीने तिकडे जाऊ लागले. कोणी फळे-भाजी विकली, कोणी किराणा दुकान टाकले, कोणी शिवणकाम केले. तिथल्या सरकारने भारतीयांच्या प्रवेशावर कडक निर्बंध घातले. १९१३ च्या कायद्याने नवीन माणसाचा रस्ता जवळजवळ बंदच केला. त्यामुळे अनेक घरे दुभंगून राहिली. नवरा केपला, बायको गावी. काही वर्षांनी नवरा परवाना घेऊन यायचा, थोडे दिवस राहायचा आणि मुदत संपायच्या आत परत निघायचा. आमच्या भागातल्या किती दाद्या-नान्यांनी पत्रांच्या आधारावर संसार केले, ते त्यांच्या नातवंडांना विचारावे.

तिथे गेल्यावर ही मंडळी एका जुन्या मुस्लिम समाजात मिसळली. डचांनी गुलाम आणि राजकीय कैदी म्हणून इंडोनेशिया, भारत आणि इतर ठिकाणांहून आणलेल्या लोकांचे ते वंशज. शेख युसूफ मकासरी हे बुजुर्ग १६९४ मध्ये कैदी म्हणून केपला पोहोचले. १९९४ मध्ये तिथल्या मुसलमानांनी इस्लामच्या आगमनाची ३०० वर्षे साजरी केली ती त्यांच्याच आठवणीने. आज ज्या आफ्रिकान्स भाषेला आपण गोऱ्यांची भाषा समजतो, ती या लोकांनी मदरशांत अरबी लिपीत लिहिली. अबू बक्र एफेंदी यांचे ‘बयानुद्दीन’ हे अरबी लिपीतले आफ्रिकान्स पुस्तक १८७७ मध्ये इस्तंबूलला छापले गेले. आपल्या घरची बोली लिहावी, तिच्यात दीन शिकवावा, याची लाज त्यांना वाटली नाही.

बोलणाऱ्यांची तोंडे बंद होती तेव्हा

पण बोलणे सोपे नव्हते. वर्णद्वेषी राजवटीत रेडिओ सरकारच्या हातात होता. गोऱ्यांसाठी वेगळे स्टेशन, काळ्यांच्या प्रत्येक भाषेसाठी वेगळे, पुढे भारतीयांसाठी वेगळे. काय बोलायचे ते वरून ठरायचे. १९५० च्या कायद्याने राहण्याच्या जागाही वंशाप्रमाणे वाटल्या गेल्या. डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची जी वस्ती होती, जिथे आपले कोकणी दुकानदारही होते, ती १९६६ मध्ये केवळ गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि पुढे ६० हजारांहून अधिक माणसांना तिथून हलवण्यात आले. रायलंड्स ही भारतीयांसाठी ठरवून दिलेली वस्ती.

त्या काळात ‘मुस्लिम न्यूज’ हे वर्तमानपत्र १९६० पासून निघत होते. त्याचे एक संपादक इमाम अब्दुल्लाह हारून. मस्जिदीचे इमाम आणि वर्णद्वेषाविरुद्ध उघड बोलणारे. मे १९६९ मध्ये पोलिसांनी त्यांना उचलले, १२३ दिवस कोठडीत ठेवले आणि २७ सप्टेंबर १९६९ रोजी ते कोठडीतच वारले. जिन्यावरून पडल्यामुळे जखमा झाल्या, असे पुढच्या वर्षीच्या चौकशीत सांगण्यात आले. घरच्यांनी ते कधी मानले नाही. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने जुना निष्कर्ष रद्द केला आणि त्यांचा मृत्यू पोलिसांच्या छळामुळे झाला असे नोंदवले. एका माणसाचे खरे बोलणे कागदावर यायला ५४ वर्षे लागली. ज्या समाजाने हे सोसले, त्याला माइकची किंमत कोणी समजावून सांगावी लागत नाही.

१९९५ चा रमजान

एप्रिल १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सर्वांना मताचा हक्क मिळाला. त्याच सुमारास रेडिओच्या लहरी सरकारच्या एकट्याच्या राहिल्या नाहीत. स्वतंत्र प्रसारण प्राधिकरण आले आणि त्याने रेडिओचे तीन प्रकार केले: सार्वजनिक, खासगी आणि सामुदायिक. सामुदायिक म्हणजे नफ्यासाठी नसलेला आणि त्या वस्तीच्या किंवा त्या समाजाच्या लोकांनी चालवलेला. कायद्याने त्याचे मंडळ लोकांनी निवडायचे असते.

केपटाउनच्या मुसलमानांनी एक नाही, दोन स्टेशने उभी केली. ‘व्हॉइस ऑफ द केप’ १९९५ च्या रमजानमध्ये सुरू झाले. दुसरे ‘रेडिओ ७८६’. पहिले उलेमांच्या जुन्या संघटनेला जवळचे, दुसरे इस्लामिक युनिटी कन्व्हेन्शन या संघटनेचे आणि राजकारणात अधिक आक्रमक. एकाच शहरात, एकाच समाजाची दोन स्टेशने, आणि अनेक बाबतींत दोघांची मते वेगळी. आमच्या फुफाजींना याची गंमत वाटते. ते म्हणतात, “एकावर राग आला की काटा फिरवायचा, तिथे दुसरा आपल्यावर रागावलेला असतो.” पण आम्हाला यात एक चांगली गोष्ट दिसते. समाजाला एकच तोंड आहे असा आव कोणाला आणता येत नाही.

फोन चालू आहेत

असा गप्पांचा कार्यक्रम चालतो कसा, हे आम्ही समजून घेतले. समोर निवेदक असतो, पाहुणा असतो. बाहेरच्या खोलीत एकजण फोन घेतो. तो फोन करणाऱ्याचे नाव, वस्ती आणि मुद्दा विचारतो आणि मगच त्याला आत जोडतो. बऱ्याच स्टेशनांवर आवाज काही सेकंद उशिराने बाहेर जातो, म्हणजे कोणी शिवी दिली किंवा कोणाची बदनामी केली तर तेवढे कापता यावे. चुकीचे काही गेलेच तर श्रोता तक्रार करू शकतो आणि स्टेशनला उत्तर द्यावे लागते. निवेदकाचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. स्टेशनला पत्ता असतो, परवाना असतो आणि तो जाण्याची भीती असते.

विषय कोणते? जे घरात असतात तेच. १९९६ मध्ये केपटाउनमध्ये गुंडांच्या टोळ्या आणि अमली पदार्थांविरुद्ध लोक रस्त्यावर आले. त्या चळवळीत मुसलमान पुढे होते. ४ ऑगस्ट १९९६ च्या रात्री जमावाने एका टोळीप्रमुखाला कॅमेऱ्यांसमोर ठार मारले. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक घरात दोन तट. पोरे नशेत बरबाद होत असताना गप्प बसायचे का? आणि कायदा हातात घेतला तर आपल्यात आणि गुंडांत फरक काय राहिला? हा वाद मस्जिदीत झाला, जेवणाच्या दस्तरखानावर झाला, आणि या रेडिओंवरही झाला. ज्यांची मते जुळत नव्हती ती माणसे एकाच लहरीवर एकमेकांचे ऐकत होती.

२०१८ मध्ये शहराचे पाणी संपत आले. १ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटर, त्याहून जास्त नाही. तेव्हा वजूला किती पाणी वापरावे हा प्रश्न दीनचा झाला आणि नगरपालिकेचाही. आपल्या नबी (स.) यांनी एक मुद्द, म्हणजे साधारण ओंजळीभर पाण्यात वजू केल्याची हदीस आहे, हे आपण लहानपणी ऐकतो आणि नळ सोडून वजू करतो. तिथल्या उलेमांनी पाणी जपण्याचे आवाहन केले ते याच शिकवणीच्या आधारे. समाज, राजकारण आणि दीन हे वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेले नसतात, हे अशा वेळी कळते.

धंद्याचाही एक किस्सा सांगायला हवा, कारण त्याने आम्हाला आमची चूक दाखवली. २०११ मध्ये केपटाउनच्या एका मांस आयात करणाऱ्या कंपनीवर आरोप झाला की डुकराच्या आणि इतर मांसाच्या खोक्यांवर हलालचे शिक्के मारले. कंपनीने आरोप नाकारला, प्रकरण न्यायालयात गेले. तिथल्या मुसलमानांत खळबळ उडाली. हलालचा दाखला देणाऱ्या उलेमांनाही लोकांनी सोडले नाही: तुम्ही तपासले कसे, किती वेळा, पैसे किती घेता? प्रश्न कडक होते. पण ते नाव घेऊन, समोरासमोर, उत्तर देणाऱ्याला उत्तराची संधी देऊन विचारले गेले.

आता आमचे ऐका. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावी एका कोंबडीच्या दुकानाविषयी मोबाइलवर एक मजकूर फिरला की तिथे जिबह नीट होत नाही, मेलेल्या कोंबड्याही विकतात. मजकूर कोणी लिहिला, पत्ता नाही. आमच्या घरातल्या चार मोबाइलांवर तो आला आणि आम्ही चौघांनी तो पुढे पाठवला. सवाबचे काम समजून पाठवला. दोन आठवड्यांत दुकानावरची गर्दी संपली. पुढे मस्जिदीच्या इमामसाहेबांनी आणि दोन बुजुर्गांनी स्वतः जाऊन पाहिले. काही चुकीचे नव्हते. मजकूर भाड्याच्या भांडणातून निघाला होता. पण इमामसाहेबांचे सांगणे जुम्याच्या दिवशी मस्जिदीत आले तेवढ्यांनीच ऐकले. खोटा मजकूर हजार मोबाइलांवर गेला होता, खरी गोष्ट शंभर कानांवर. दुकान बंद पडले. तो माणूस आता रिक्षा चालवतो. तो रस्त्यात दिसला की आम्ही मान खाली घालतो.

सूरह हुजुरातमध्ये अल्लाहतआलाने खबर आली की तिची आधी शहानिशा करण्याचा हुकूम दिला आहे, अजाणतेपणी कोणाचे नुकसान करून मग पस्तावण्याची पाळी येऊ नये म्हणून. आम्ही ही आयत कितीदा पढलो होतो. बटण दाबताना ती आठवली नाही.

आणि आमचे नुकसान एका दुकानापुरते होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातल्या पाच माणसांना ठेचून मारले. भीक मागून पोट भरणारी ती माणसे. अशा घटनांनंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्राने पाचची मर्यादा घातली. आपण स्वतःला कोणती घातली?

बाईचा आवाज

रेडिओ चांगला आणि मोबाइल वाईट, असे मात्र आम्हाला म्हणायचे नाही. दक्षिण आफ्रिकेच्या याच मुस्लिम रेडिओंनी दोन मोठे वाद पाहिले. त्यातला पहिला प्रत्येक घरातला आहे.

जोहान्सबर्गजवळ लेनेशिया ही भारतीयांची वस्ती. तिथे ‘रेडिओ इस्लाम’ सुरू झाला. तो चालवणाऱ्या उलेमांचे मत होते की बाईचा आवाज हाही पडद्याचाच भाग, म्हणून तो लहरींवर जाऊ नये. निवेदक पुरुष, पाहुणे पुरुष, फोन करणारेही पुरुष. मुस्लिम यूथ मूव्हमेंटच्या स्त्री-प्रश्नांवर काम करणाऱ्या गटाने प्राधिकरणाकडे तक्रार केली: लहरी सगळ्यांच्या आहेत, समाजात अर्ध्या बाया आहेत, मग समाजाच्या रेडिओवर त्या मुक्या का? दुसरी बाजू म्हणाली की आमच्या दीनची समज आम्ही ठरवणार. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर मोठा वाद झाला, परवाना धोक्यात आला आणि अखेर स्टेशनला बायकांना बोलू द्यावे लागले. केपटाउनच्या स्टेशनांवर बाया निवेदकही होत्या आणि पत्रकारही. दोन्हीकडे मुसलमानच, दोन्हीकडे आलिमच. बाईच्या आवाजाविषयी उलेमांत एकमत नाही, हे त्या वादाने सामान्य माणसाला कळले.

आमच्या घरात यावर बोलणे झाले तेव्हा आमची अम्मा म्हणाली, “हजरत आयेशा (र.) बोलल्या नसत्या तर तुमच्यापर्यंत काय पोहोचले असते?” दोन हजारांहून अधिक हदीस त्यांच्याकडून आल्या आहेत. सूरह मुजादिलाची सुरुवातच एका बाईच्या तक्रारीने होते. नवऱ्याच्या अन्यायाविषयी ती नबी (स.) यांच्याशी वाद घालते आणि अल्लाह तिचे ऐकतो. अम्माने एवढे सांगून भांडी आवरायला घेतली. ओटीवर बराच वेळ कोणी बोलले नाही. गेल्याच महिन्यात मोहल्ल्याच्या नळाची वेळ ठरवण्याची बैठक झाली होती. पाणी भरणाऱ्या सगळ्या बाया. बैठकीला बसलेले सगळे पुरुष. नळाची वेळ ठरली ती दुपारच्या जेवणाची.

एका मुलाखतीचा खटला

दुसरा वाद न्यायालयापर्यंत गेला. ८ मे १९९८ रोजी रेडिओ ७८६ वर झिओनिझम आणि इस्रायल या विषयावर याकूब झाकी यांची मुलाखत झाली. इस्रायलच्या राज्याला विरोध हा एक भाग. तो राजकीय मताचा प्रश्न आहे. पण मुलाखतीत असेही सांगितले गेले की छावण्यांत यहुद्यांना विषारी वायूने मारलेच नाही, ते रोगाने मेले आणि मेलेले फार तर १० लाख. हे साफ खोटे आहे. हिटलरच्या राजवटीने सुमारे ६० लाख यहुदी मारले, त्याची कागदपत्रे आहेत, साक्षी आहेत, मारणाऱ्यांचे कबुलीजबाब आहेत.

यहुदी संघटनेने तक्रार केली. नियमात असे होते की समाजाच्या गटांमधले संबंध बिघडण्याची शक्यता असलेले काहीही प्रसारित करू नये. स्टेशन चालवणाऱ्या संघटनेने या नियमालाच आव्हान दिले. ११ एप्रिल २००२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती पायस लांगा यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा सारांश असा: हा नियम फार पसरट आहे. त्यात कोणतेही कडू पण खरे बोलणे अडकू शकते. म्हणून तो तेवढ्यापुरता रद्द. पण घटनेने ज्या बोलण्याला संरक्षण दिलेलेच नाही, म्हणजे युद्धाचा प्रचार, तातडीच्या हिंसेची चिथावणी आणि वंश, लिंग, धर्म यांवरून इजा करायला उकसवणारा द्वेष, त्यावर बंदी राहीलच. ती विशिष्ट मुलाखत योग्य होती की नाही, यावर न्यायालयाने निर्णय दिला नाही.

आमच्या फुफाजींना हा आपला विजय वाटतो. कायद्यात तो आहेच, आणि तो फक्त मुसलमानांचा नाही. त्या निकालाने तिथल्या प्रत्येक छोट्या रेडिओला श्वास घ्यायला जागा दिली. पण आमच्या मनात दुसरा प्रश्न राहतो. बोलण्याचा हक्क मिळाला म्हणून बोललेले खरे ठरते का? आपल्यावर झालेल्या जुलुमांना कोणी खोटे म्हटले तर आपले रक्त उसळते. मग दुसऱ्याच्या कत्तलीला खोटे म्हणणारा पाहुणा आपल्या माइकवर बसला, तर निवेदकाने त्याला अडवायला नको? कायदा विचारतो, बोलू द्यायचे का. अमानत विचारते, हे खरे आहे का.

माइक किती भयंकर होऊ शकतो हेही त्याच काळाने दाखवले. एप्रिल १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिका मतदान करत होती, तेव्हा त्याच खंडातल्या रवांडात ‘आरटीएलएम’ नावाचा रेडिओ तुत्सी लोकांना झुरळे म्हणत होता आणि मारेकऱ्यांना चिथावत होता. शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्या रेडिओच्या संस्थापकांना शिक्षा दिली. तोही गप्पांचाच रेडिओ होता, गाणी आणि विनोद लावणारा.

आपल्याकडे

१९९५ च्या ज्या रमजानमध्ये व्हॉइस ऑफ द केप सुरू झाले, त्याच रमजानमध्ये, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रेडिओच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा होता, पण दार सगळ्यांसाठी उघडायचे होते. ते किलकिलेच उघडले. आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून सेवाभावी संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळाली. ताकद थोडी, आवाका आसपासच्या काही किलोमीटरचा. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. आपले खासगी एफएम दिवसभर बडबडतात, पण त्यांनाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. केपटाउनला जसे नगरसेवकाला लहरींवर उभे करतात, तसे आपल्याकडे करणे अवघड, ते यामुळे.

तरी जे केले गेले ते थोडे नाही. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचा रेडिओ २००८ पासून बायकांच्या धंद्याविषयी, शेतीविषयी, तब्येतीविषयी बोलतो. तेलंगणात जहीराबादजवळ मचनूर गावी त्याच वर्षी दलित बायकांनी ‘संघम रेडिओ’ सुरू केला. हरियाणाच्या मेवातमध्ये, जिथे मेव मुसलमानांची मोठी वस्ती आहे, २०१२ मध्ये ‘अल्फाज-ए-मेवात’ सुरू झाला. शाळा, पाणी, सरकारी योजना, मुलींचे शिक्षण असे विषय, आणि बोली तिथलीच. पाणी का आले नाही, दाखला कुठे मिळतो, शाळेत बाई येतात का, हे बोलायला दिल्लीच्या बातम्या लागत नाहीत. आणि सामान्य घराचे निम्मे राजकारण हेच असते.

आपल्या समाजाच्या शिक्षणसंस्था महाराष्ट्रात जुन्या आणि भक्कम आहेत. गावोगाव अंजुमने आहेत. त्यांतल्या एखादीनेही सामुदायिक रेडिओचा विचार करावा, एवढी विनंती या मासिकातून करावीशी वाटते. फक्त एक अट मनात धरून: तो रेडिओ फक्त आपल्यासाठी नसावा. शेजारच्या वाडीतल्या कुणब्याला, बौद्धवाडीतल्या मुलाला, कोळ्याच्या घरातल्या बाईलाही तिथे फोन लावता यावा. भाषा तर एकच आहे.

तोपर्यंत

परवाना मिळेल तेव्हा मिळेल. तोपर्यंत आम्ही मागच्या रमजानमध्ये आमच्या ओटीवर एक छोटा प्रयत्न सुरू केला. दर शनिवारी तरावीहनंतर अर्धा तास. माइक नाही, प्रसारण नाही. मोहल्ल्यातली माणसे बसतात, बाया माजघराच्या दारात, आणि दार उघडे असते. नियम तीनच, आणि ते केपटाउनच्या रेडिओकडून घेतलेले. बोलणाऱ्याने आपले नाव सांगायचे. ज्याच्याविषयी बोलायचे तो हजर असला पाहिजे, नाहीतर ती गीबत. आणि चूक झाली तर जिथे बोललो तिथेच, तेवढ्याच मोठ्याने ती मान्य करायची.

पहिल्या शनिवारी नळाच्या वेळेवर बोलणे झाले. माजघराच्या दारातून पाच बाया बोलल्या, आणि वेळ बदलली. दुसऱ्या शनिवारी कोणी फारसे बोलले नाही. सगळे एकमेकांकडे बघत बसले.

तिसऱ्या शनिवारी आम्ही रिक्षा चालवणाऱ्या त्या भाईंना बोलावले. ते येतील असे वाटले नव्हते. ते आले, चप्पल काढून ओटीच्या कडेला बसले. मजकूर पुढे पाठवणारे आम्ही चौघे होतो, हे आम्ही सगळ्यांसमोर सांगितले आणि माफी मागितली. आमच्यानंतर शेजारच्या दोघांनीही कबूल केले. भाईंनी शांतपणे ऐकले. मग ते दहा मिनिटे बोलले: दुकानाची अनामत किती गेली, मुलीची शाळा कशी सुटली, बायकोने बाजारात जाणे कसे बंद केले. आम्हाला माफ केले असे ते म्हणाले नाहीत. ‘दुकान पुन्हा काढा, आम्ही घेऊ,’ असे कोणीतरी म्हणाले, तेव्हा ते नुसते हसले.

निघताना भिंतीला टेकवलेल्या मोबाइलकडे त्यांचे लक्ष गेले. तिकडे सात वाजायला आले होते. “हे काय लावलंय?” त्यांनी विचारले. आम्ही सांगितले, केपटाउनचा रेडिओ, आता तिथे अजान होईल. ते परत बसले. म्हणाले, “मग ऐकूनच जातो.”